नमुन्यात राहून गेलेला आवाज

घुम्या,

हे पत्र तू वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते उशीखाली सरकवणार, आणि उशीचा अभ्रा बदलायची वेळ आली तरी पाकीट तसंच राहणार. म्हणून पत्र तुला आणि मजकूर सगळ्यांना, असं मी ठरवलंय. लोकांनी तुझं जे ऐकलं ते एका मिनिटाचं होतं. उरलेलं आयुष्य कोणी ऐकलं नाही, कारण ते तू कधी बोललाच नाहीस. आता मी बोलते. कुठे चुकले तर येऊन सांग. तेवढ्यासाठी तरी ये.

तर, वाचणाऱ्यांनो, घुम्या हा माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तो चौथीत होता. दाराआड उभा राहून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता, दुसरा डोळा दाराला लावलेला. मी विचारलं, "नाव काय रे तुझं?" तो आत पळाला आणि पाण्याचा पेला घेऊन आला. पेला माझ्या हातात दिला आणि पुन्हा दाराआड. सासूबाई म्हणाल्या, "विचारू नकोस काही. घुम्या आहे तो. विहिरीत दगड टाकला तर आवाज तरी येतो, ह्याच्यातून तेवढाही यायचा नाही."

पुढे माझ्या लक्षात आलं की मुलगा उत्तर देत नाही असं नाही. तो काहीतरी आणून देतो. "अभ्यास झाला का?" विचारलं की वही आणून समोर ठेवायचा. "बरं वाटत नाहीये का?" विचारलं की थर्मामीटर. एकदा त्याला स्थळ सांगून आलं. मुलीकडची मंडळी बसली, तासभर बोलली, चहा झाला. हा खुर्चीवर तोंडात गुळणी धरल्यासारखा. शेवटी मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ह्यांना ऐकू येतं ना?" घुम्याला नीट ऐकू आलं. तो उठला आणि त्यांच्या चपला आणून दारात ओळीने मांडल्या. लग्न जमलं नाही हे काय सांगायला हवं?

माझे यजमान विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. मीही त्यांना साहेबच म्हणत असे, आधी थट्टेने, मग सवयीने. फार करडा माणूस. पत्रात स्वल्पविराम चुकला म्हणून लोकांना रडवलेलं. पण धाकट्या भावासाठी त्यांनी उघड वशिला लावला. हे लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांनाच माहीत होतं. घुम्याने कॉलेज अर्धवट टाकलं होतं. साहेबांनी त्याला कंपनीत चिकटवला. आधी तो टाइपरायटर ह्या टेबलावरून त्या टेबलावर नेत असे. मग खोक्यांतून कॉम्प्युटर आले. त्यांना हात लावायला सगळे घाबरत होते, म्हणून खोकी उघडायचं काम घुम्याकडे आलं आणि त्याच्याकडेच राहिलं.

ऑफिसातली त्याची खोली जिन्याखाली होती. मी एकदाच पाहिली, साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभाला गेले तेव्हा. छत तिरकं, एका टोकाला उभं राहिलं की डोकं आपटतं. पुठ्ठ्याचा वास. औषधाच्या बाटलीच्या झाकणात स्क्रू, आकाराप्रमाणे वेगवेगळ्या झाकणांत. एक स्टूल, त्यावर चार घड्या घातलेलं जुनं पोतं. नवं यंत्र आलं की तो ते तिथे न्यायचा आणि त्यात कंपनीचं सगळं घालायचा: मूळ प्रणाली, पॉलिसीचा प्रोग्राम, कुठला प्रिंटर कुठल्या मजल्यावरचा, पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह. मग तपासणी. प्रत्येक कळ दाबून बघायची. पडद्यावर एखादा मेलेला ठिपका आहे का बघायचं. शेवटी आवाज.

आवाजाची गंमत त्यानेच मला सांगितली होती. "वहिनी, एक-दोन-तीन म्हटल्याने माइक कळत नाही. माणूस बोलताना आवाज वर-खाली होतो. तसं खरंखुरं बोलावं लागतं."

"मग तू काय बोलतोस?"

"काहीतरी."

"तू? काहीतरी बोलतोस?" मी म्हटलं. "यंत्राचं नशीब म्हणायचं! आम्ही इतकी वर्षं काय पाप केलं होतं?"

तो हसला आणि माझा चष्मा पुसायचा कपडा आणून दिला.

बोलून झालं की तो ते परत लावून ऐकायचा. ती फाइल तो पडद्यावर अगदी समोर ठेवायचा, पुसायची विसरू नये म्हणून. मग यंत्र उचलून ज्याचं त्याच्या टेबलावर न्यायचा, त्या माणसाला खुर्चीत बसवायचा, पासवर्ड टाकायला लावायचा. तो टाकत असताना स्वतः छताकडे बघायचा, जणू समोरचा कपडे बदलतोय. मग वाकून आपली फाइल पुसायची, आणि म्हणायचं, "झालं." एवढाच एक शब्द ऑफिसला त्याच्याकडून मिळत असे. तिथे त्याचं नावच 'झालं' पडलं होतं. "प्रिंटर अडलाय, झालंना बोलवा." वर्षानुवर्षं असं चाललं आणि एकदाही ती फाइल मागे राहिली नाही. खुर्चीत माणूस बसला की हात आपोआप तिकडे जायचा.

आता साहेबांचं सांगते.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात ते विसरायला लागले. आधी चाव्या, मग वार, मग माणसं. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते मी घरी उच्चारलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई, झाड वरून वाळायला लागलं की मुळाशी काय झालंय ते मला कळतं. पण बाहेर मी सांगितलं, साहेब पुस्तक लिहितायत. विम्याच्या इतिहासावर. कोणाला भेटत नाहीत. लोकांना हे पटलं, कारण ते तसलेच होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोन आला की मी एखादं प्रकरण पुढे सरकवायचे. "सध्या सागरी विम्यावर आहेत." माणूस आत बसून चमच्याने टेबल खरवडतोय, आणि मी बाहेर सागरी विमा.

माझे गुडघे तेव्हाच गेलेले. त्यामुळे साहेबांचं उठवणं, आंघोळ, दाढी, कपडे, सगळं घुम्या करायचा, ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर. ठरवून झालं नाही, पण वाटणीच तशी पडली: दादाचं शरीर त्याच्याकडे आणि दादाची अब्रू माझ्याकडे. आपापलं काम आम्ही चोख करत होतो.

अशात कंपनीत नवी मॅनेजर आली. तरणीताठी, चपळ. तिने ठरवलं की मुख्य कचेरीतले आणि सगळ्या शाखांतले कॉम्प्युटर एकदम बदलायचे. विकणाऱ्यांनी सांगितलं, तुमच्याकडे एकेक यंत्र तयार करत बसायची गरजच नाही. एक नमुना तयार करून द्या. आम्ही त्याची प्रतिमा काढू आणि कारखान्यातच प्रत्येक नव्या यंत्रात भरून पाठवू. खोकं उघडा, वायर खोचा, कामाला लागा.

हे घुम्याने मला जेवताना सांगितलं. इतकं लांब तो जन्मात बोलला नव्हता. मी घास हातात धरून ऐकत राहिले.

"प्रतिमा म्हणजे फोटो?" मी विचारलं.

"फोटो नाही. त्यातलं सगळं. जसंच्या तसं. साचा म्हणा."

"कलम म्हण की सरळ. एका झाडाची फांदी, बाग सगळी एकसारखी." मास्तरीण ती मास्तरीणच. "पण लक्षात ठेव. कलमाबरोबर मूळ झाडाची कीडही जाते. सगळ्या बागेत."

"कीड नसते, वहिनी. मी बघतो ना."

"आणि मग तुझी जिन्याखालची खोली? एकेक यंत्र करायचंच नसेल तर तुला ठेवतील कशाला?"

तो जेवण संपवून उठला. ताट उचलताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्यांच्या टेबलावर माझंच असेल."

त्याला अभिमान वाटत होता. मी हे मुद्दाम लिहितेय. ह्या माणसाला आयुष्यात एकदा अभिमान वाटला होता.

किती आठवडे तो त्या नमुन्यामागे होता! प्रत्येक गोष्ट घालायची, काढायची, पुन्हा घालायची. ज्या दिवशी विकणाऱ्यांचा माणूस नमुना न्यायला येणार, त्या दिवशी ह्याने इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळी घरात बरंच काही होऊन गेलं होतं, पण ते मला ठाऊक नव्हतं. ऑफिसात गेल्यावर त्याने नमुन्याची शेवटची तपासणी केली. कळा, पडदा, आवाज. माइकसमोर काहीतरी बोलला. तेवढ्यात तो माणूस आला, म्हणाला, "बंद करू?" घुम्याने मान हलवली. त्याने यंत्र बंद केलं, खोक्यात घातलं, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि गाडीत टाकून नेलं.

खुर्चीत कोणी बसलंच नाही. पासवर्ड कोणी टाकला नाही. त्यामुळे वाकून पुसायची वेळ आलीच नाही.

काही महिन्यांनी सगळी यंत्रं आली. विकणाऱ्यांच्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी ती टेबलांवर मांडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मला कंपनीतल्या टेलिफोनवालीने सांगितलं. ती साहेबांच्या वेळची, जुनी, मनाने स्वच्छ. माझ्याकडे आली तेव्हा खुर्चीवर टेकली नाही, उभ्यानेच बोलली.

मोठ्या दालनात लोक येऊन बसले, यंत्रं चालू केली. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आणि मधोमध एक फाइल. लोकांना वाटलं, नव्या मॅनेजरबाईंचा स्वागताचा संदेश असेल. एकाने उघडली. शेजारच्याने उघडली. नव्या पडद्यांत स्पीकर आतच होते, आणि आवाज पूर्ण वर, कारण घुम्याने तपासताना तो तसाच ठेवलेला. मग सगळीकडून घुम्या बोलायला लागला, कुणाकडे दोन शब्द पुढे, कुणाकडे चार शब्द मागे.

"हॅलो. माइक बघतोय. आज सकाळी दादा कपाट उघडून त्यात लघवी करत होता. मी म्हटलं, दादा, इकडे चल. तो म्हणाला, कोण तू, शिपाई का? मी म्हटलं, हो साहेब. मग आला. पायजमा बदलला. कपाट धुतलं. वहिनीला सांगितलं नाही. ती लोकांना सांगते दादा पुस्तक लिहितोय. हात धुतले. पुन्हा धुतले. मला घाण वाटली. दादाची घाण वाटली मला. आवाज ठीक येतोय. झालं."

'शिपाई का' ह्यावर काही जण हसले, टेलिफोनवाली म्हणाली. पुढच्यावर कोणी हसलं नाही. पण बंद कसं करायचं ते नव्या यंत्रात कोणाला सापडेना, आणि ज्यांनी उघडली नव्हती ते काय आहे काय आहे म्हणून आत्ता उघडत होते. घुम्या दालनाच्या दारात उभा होता, हातात वायरचं भेंडोळं. तो पहिल्या टेबलाकडे धावला, ते बंद केलं. दुसऱ्याकडे धावला. तिसऱ्यापाशी थांबला. आणि मग दालनभर, जिन्यावरून गोट्या सांडाव्यात तसं, झालं, झालं, झालं.

"ताई, मी इतकी वर्षं त्यांना ओळखते," टेलिफोनवाली म्हणाली. "त्यांचा आवाज इतका चांगला आहे हे मला माहीत नव्हतं." आणि तिला रडू आलं. मला आलं नाही. मला तेव्हा फक्त भाजल्यासारखं झालं होतं.

ती फाइल त्याने स्वतःच, एका जागी बसून, सगळ्या यंत्रांतून पुसली. अर्धा तासही लागला नाही म्हणे. तोवर लोकांच्या फोनमध्ये गेलीच होती. शाखांतून शाखांत. दुपारी मला पहिला फोन आला, साहेबांच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याच्या बायकोचा. आवाजात साखर. "कळलं हो सगळं. फार वाईट वाटलं. मग पुस्तकाचं काय, राहिलंच ना?"

मी फोन ठेवला आणि कपाटापाशी गेले. नाकाला काही कळलं नाही. त्याने ते इतकं स्वच्छ धुतलं होतं.

संध्याकाळी तो आला. मी दारातच होते.

"खरं का?"

तो माझ्याजवळून आत गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला.

"पाणी नकोय मला, उत्तर दे!"

त्याने पेला खाली ठेवला.

"साऱ्या जगापुढे भावाला नागडं केलंस," मी म्हणाले. हो, म्हणाले. राग आला होता आणि तो खोटा नव्हता.

त्याने साहेबांना भरवलं, चादर बदलली, त्यांची नखं कापली. मग एक पिशवी भरली आणि मागच्या दाराने गेला. मला वाटलं, येईल. रागावलेली माणसं येतात. पण हा रागावला नव्हता. लाजलेलं माणूस परत यायला फार वेळ घेतं.

साहेबांसाठी मी एक माणूस ठेवला. धिप्पाड, हसरा, कामाला चांगला. साहेबांनी त्याला आंघोळीचा मग फेकून मारला. दुसऱ्या दिवशी चावले. मग दुसरा माणूस आला, तोही टिकला नाही. साहेबांच्या अंगाला वास यायला लागला. आणि दिवसभर घंटी. निवृत्त होताना त्यांनी ऑफिसातली टेबलावरची घंटी घरी आणली होती, ती वाजवत बसायचे. "शिपाई! शिपाई कुठे गेला?" मला बघितलं की म्हणायचे, "बाई, तुम्ही नाही. शिपाई पाठवा."

म्हणून मी गेले. घुम्याने रस्त्याच्या पार टोकाला, रेडिओ आणि वायरी विकणाऱ्या दुकानाच्या वर, एक खोली घेतली होती. जिना उभा. प्रत्येक पायरीवर माझ्या गुडघ्यांनी त्याला शिव्या घातल्या. वर गेले तर हा पलंगावर बसलेला, भिंतीकडे तोंड करून. खोलीत एक बादली, एक दोरी, दोरीवर तो इस्त्रीचा शर्ट.

"बस म्हणशील की नाही?"

त्याने स्टूल पुढे केलं. मी बसले. धाप लागली होती. तो पाणी आणायला उठला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे. बोल. यंत्राशी बोलतोस, मी काय लोखंडाची नाही?"

तो पुन्हा पलंगावर टेकला. म्हणाला, "झालं म्हणायला कोणी नव्हतं, वहिनी."

"म्हणजे?"

"खुर्चीत माणूस बसला की मी पुसतो. नमुन्याला माणूसच नव्हता."

"बरं. चूक झाली. कीड गेली बागेत. आता घरी चल."

"तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हटलं ते?"

"मी ऐकलं नाही. मला सांगितलं लोकांनी."

"घाण वाटली म्हटलं मी. दादाची."

"मग? मला काय अत्तराचा वास येत होता?"

"तुम्ही तसं म्हणाला नाहीत."

"माझ्यापुढे कोणी माइक धरला नव्हता."

इतर कोणी हसलं असतं. ह्याने मान आणखी खाली घातली. मला दिसलं की त्याला पायजम्याची लाज नव्हती, लोकांचीही नव्हती. त्या एका शब्दाची होती. ज्या भावाने त्याला हाताला धरून पोटाला लावलं, त्याच्याबद्दल तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला, आणि तोही एवढ्या मोठ्या दालनात, इतक्या वेळा. त्यावर माझं शहाणपण काय चालणार? मी उठले. दारात जाऊन म्हणाले, "साहेबांनी घंटी वाजवलीय. शिपाई हवाय त्यांना. येणार असशील तर ये, नसशील तर ते असेच कुजतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी चपला वाजल्या.

मग तो रोज यायचा. पण कसा यायचा! स्वयंपाकघराच्या बाजूने, अंग चोरून, चोर बरा. साहेबांची आंघोळ, कपडे, खाणं, सगळं पूर्वीसारखं, किंबहुना जास्त हळू. मी खोलीत आले की तो बादली उचलून बाहेर. मी ओट्यावर चहा ठेवायचे, तो तसाच निवायचा. एकदा चिडून म्हटलं, "विष घातलं नाही त्यात." दुसऱ्या दिवसापासून चहा संपलेला असायचा आणि कप धुतलेला. पण मी स्वयंपाकघरात असेपर्यंत कधी प्यायला नाही.

मी दाराआडून ऐकत असे. हो, आता मी दाराआड. तो साहेबांशी बोलायचा का हे मला बघायचं होतं. बोलायचा नाही. साहेब म्हणायचे, "पाणी गार आहे," हा म्हणायचा, "हो साहेब." "पंखा लाव." "हो साहेब." दादा म्हणून हाक मारलेली मी पुन्हा ऐकली नाही.

एका सकाळी साहेबांना जरा तरतरी होती. टॉवेलने डोकं पुसून घेता घेता म्हणाले, "शिपाई, तू कामाला बरा आहेस. एक काम करशील? माझा धाकटा भाऊ आहे. बोलत नाही, पण हात चांगला आहे त्याचा. त्याला कुठेतरी चिकटवायचंय. तुझ्या ओळखीत बघ."

डोकं पुसणारा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"बघतो साहेब."

"विसरू नकोस."

"नाही साहेब."

साहेब गेले तेव्हा कंपनीतली पुष्कळ माणसं आली. मला वाटलं नव्हतं इतकी. कोणी पुस्तकाचं विचारलं नाही. एक कारकून पोरगा माझ्यापुढे उभा राहिला, कान लाल. म्हणाला, "काकू, त्यांना सांगाल का, माझ्या फोनमधलं मी काढून टाकलं." मी म्हटलं, "तूच सांग की, तो काय तिथे उभा आहे." पण घुम्या कुठे होता? सगळ्यांच्या मागे, फाटकाबाहेर, लोकांच्या पायताणांजवळ, ती सरळ ओळीत लावत.

त्यानंतर तो आला नाही. त्याच्या मते आता काम उरलं नव्हतं.

आता पुन्हा तुझ्याशी, घुम्या. पुढचं आपल्या दोघांतलं आहे.

एकेक यंत्र करायचं काम संपलं तसा कंपनीने तुला निरोप दिला, पण तू त्या समारंभालाही गेला नाहीस. तुझ्या जिन्याखालच्या खोलीत आता झाडू आणि पाण्याचे कॅन ठेवतात, टेलिफोनवालीने सांगितलं. कंपनीच्या कागदावर तुझा पत्ता अजून हाच, म्हणून भेट माझ्या दारात आली: मोठं खोकं आणि जुना पडदा, वर मॅनेजरबाईंचे चार चांगले शब्द. उघडून बघते तर नमुना. विकणाऱ्यांनी काम झाल्यावर परत पाठवला होता आणि कोणाला त्याचं काय करायचं कळेना.

मी तुला फोन केला. आठवतंय ना?

"तुझं यंत्र आलंय," मी म्हटलं. "घेऊन जा, नाहीतर इथे लावून दे."

फोनमध्ये तुझ्या खालच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता.

"मी लावलंय तसं. पदवी घेतलेली बाई आहे, वायर खोचता येते मला. पासवर्ड मागितला नाही त्याने. नमुन्याला मालक नसतो बहुतेक. तुझी फाइल आहे पडद्यावर."

"पुसून टाका, वहिनी."

"मी ऐकलेली नाही अजून. पडद्यात स्पीकर नाहीत. येताना स्पीकर घेऊन ये."

"कशाला?"

"ऐकायला. कशाला काय कशाला? साऱ्या दुनियेने ऐकलं, घरच्यांनीच नाही ऐकलं."

तू म्हणालास, "आणतो."

यंत्र साहेबांच्या टेबलावर आहे, घंटीच्या शेजारी. कधीकधी मी ती फाइल उघडते. आवाज येत नाही, फक्त एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकते, वर-खाली होत. तू म्हणायचास तसं, माणूस बोलताना आवाज वर-खाली होतो. मी रेघ बघत बसते. 'दादा' कुठे असेल, तो शब्द कुठे असेल, ह्याचा अंदाज करते. शेवटी एक लहानसा उंचवटा येतो, आणि रेघ सपाट होते. तो 'झालं' असणार.

जवळच्या कुठल्याही दुकानातून मी स्पीकर आणू शकते. पण आणतो असं तू म्हणाला आहेस.

गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे जाताना तुझ्या खोलीखालच्या दुकानापाशी थांबले. काचेत स्पीकरच्या दोन जोड्या असायच्या, लहान, काळ्या. आता एकच आहे. आत जाऊन विचारलं, दुसरी कोणी नेली. दुकानदार म्हणाला, शाळेतल्या बाईंनी नेली. मी विचारलं, वर राहतात त्यांनी कधी विचारलं का? तो म्हणाला, "ते? ते येतात की. काचेसमोर उभे राहतात आणि जातात."